कात्रीनं कापलेला पाला

लिफ्टमास्तरांचा शाळेशी संबंध आला तो विद्यार्थी म्हणून, आणि तोही जेमतेम. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. उंच इमारतींच्या माथ्यावरच्या कोंदट खोलीत बसून मोटारी खोलायच्या, तारांना ग्रीस लावायचं, मध्येच अडकलेल्या माणसांना धीर देत बाहेर काढायचं, यात त्यांची सारी हयात गेली. कुण्या रखवालदारानं एकदा मस्करीत 'मास्तर' म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. निवृत्त झाले तेव्हा लिफ्ट सुटली, मास्तर मात्र राहिले. बोलणं कमी, हात सतत कशात तरी. घरातलं काही बिघडलं की हा माणूस खूश व्हायचा, खोटं कशाला सांगू. पंखा कुरकुरायला लागला की यांच्या चेहऱ्यावर तेज यायचं.

त्यांची बायको रोपवाटिकेत कामाला होती. तिथं तिला सगळे रोपबाई म्हणायचे. बाई बोलकी, फटकळ आणि हाताला विलक्षण. कुठलंही पान आणून द्या, दोन बोटांत चुरडायची, नाकाशी न्यायची आणि नाव सांगून मोकळी व्हायची. मास्तरांच्या लेखी जगात झाडं दोनच प्रकारची, हिरवी आणि वाळलेली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांनी दाराशी उगवलेल्या एका तणाला मोठ्या मायेनं पाणी घातलं, काठीला बांधलं, येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवलं. शेवटी कुणीतरी फिस्सकन हसलं तेव्हा मास्तर बायकोवर चिडले, की तुला ठाऊक होतं तर तू बोलली का नाहीस. ती म्हणाली, इतक्या प्रेमानं चाललं होतं तुमचं, मी कशाला मोडता घालू. हा किस्सा तिनं पुढे इतक्या वेळा सांगितला, की मधे कुठे थांबायचं आणि कुठे हसायचं हे मास्तरांनाही पाठ झालं होतं.

लेक लग्न होऊन दूर गेली आणि घर खायला उठलं. तेव्हा एका संध्याकाळी रोपबाईनं खोक्यातून कोंबडीची पिल्लं आणली. मास्तरांना विचारलंबिचारलं काही नव्हतं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात लोखंडी पट्ट्या मापायला घेतल्या. पक्कं खुराडं, त्याच्यापुढे जाळीचं ऐसपैस आवार, कोंबड्यांना दिवसभर हिंडायला. पण पहिली पट्टी रोवायच्या आधीच बाई आडवी आली. आधी आजूबाजूची जागा साफ, मग जाळी. कोंबडीची मान जाळीतून जिथवर पोचते त्याच्या दुप्पट अंतरात एकही वाईट झाड दिसता कामा नये.

वाईट म्हणजे कोणतं, हे तिनं नवऱ्याला हाताला धरून दाखवलं. घाणेरी, दिसायला गोड आणि पोटात वाईट. एरंडाच्या बिया. धोत्रा. आणि सगळ्यांत वाईट कण्हेर. त्यांच्या अंगणात तेव्हा एक कण्हेर होतीच, गुलाबी फुलांनी लगडलेली, आणि मास्तरांना ती मनापासून आवडायची. त्यांनी रदबदली करून पाहिली. बाईनं हातमोजे चढवले, कुदळ घेतली आणि मुळासकट उपटून काढली. ही कडू असते, ती म्हणाली, शहाणी कोंबडी आपणहून तोंड लावत नाही. पण दुसऱ्या कशात मिसळून पोटात गेली तर त्या बिचारीला कळणार कसं? वर ताकीदही दिली, की फांद्या जाळायच्या नाहीत, धूरसुद्धा वाईट. मास्तर मान डोलवत राहिले. खरं तर त्यांना लांब पानांची सगळी झाडं सारखीच दिसत होती.

बाईची कोंबड्यांना भरवायची तऱ्हाही वेगळी. शेजारच्या शिवणवालीनं तिला एक जुनी, जड कात्री दिली होती, कापड कापायची. रोज सकाळी बाई पिशवी घेऊन गल्लीच्या टोकाला पाण्याच्या टाकीपाशी जायची. तिथं एक नळ कायम गळायचा आणि त्याच्या ओलीवर घोळ, ती जमिनीसरपट वाढणारी रानभाजी, माजलेली असायची. ती खुडून आणायची, घरातली पालकाची देठं, कोबीची वरची पानं त्यात घालायची आणि कात्रीनं सगळं दोऱ्यासारखं बारीक कापायची. मग ओलवलेल्या कोंड्यात कालवून तळहातावर घेऊन एकेकीला भरवायची. कोंबड्या तिच्या हातावर डोळे मिटून तुटून पडायच्या. मास्तरांनी हात पुढे केला की मान तिरकी करून आधी चौकशी करायच्या. बाईला याचं भारी सुख होतं. म्हणायची, तुमच्यावर मीसुद्धा लगेच विश्वास टाकला नव्हता.

नावंही तिनंच ठेवलेली. राणीसाहेब, मुकादमीण, लंगडी, भुरी आणि आणखी दोघीतिघी. मुकादमीण सगळ्यांना रांगेत उभं केल्याशिवाय खाऊ देत नसे. पिढ्या बदलल्या, पण नावं तीच चालत राहिली. एक गेली की तिचं नाव जिला शोभेल तिला मिळायचं.

मग बाईचं विसरणं सुरू झालं. सुरुवातीला सगळ्यांचं होतं तसंच. चष्मा सापडेना, गॅसवरचं दूध उतू. मास्तर हसण्यावारी न्यायचे. पण रोपवाटिकेत तिनं एका गिऱ्हाइकाला गुलाब म्हणून भलतंच रोप दिलं, आणि चूक दाखवल्यावर त्याच्याशीच भांडली, तेव्हा मालकीण स्वतः तिला घरी सोडायला आली. मालकिणीनं शब्दानं दुखावलं नाही. नुसती म्हणाली, आता बाईंनी विश्रांती घ्यावी. मास्तर दारात उभे होते.

डॉक्टरीण समजूतदार होती. तिनं सगळ्या तपासण्या करून झाल्यावर बाईला बाहेर बसवलं आणि मास्तरांना सरळ सांगितलं. हे उलटं फिरणार नाही, हळूहळू पुढेच जाणार. पण जे काम त्यांच्या हातात आहे ते हातात राहू द्या. ते सुटलं की त्या फार भराभर सुटतील.

हातात राहिलं होतं ते कोंबड्यांचं काम. लेकीचं नाव बाईला आठवेना झालं. ती 'उंच मुलगी' म्हणायची आणि लेक फोनवर ऐकून घ्यायची. शिवणवाली कोण हे रोज नव्यानं सांगावं लागायचं. पण सकाळी जाळीचं दार उघडलं की बाई ताठ व्हायची. मुकादमिणीला दटावायची, लंगडीला आधी भरवायची, भुरीची पिसं उलटून बघायची. तेवढा वेळ मास्तरांना आपली बायको दिसायची. मग त्यांनी मनाशी धरलं, की काही झालं तरी या कोंबड्या जगल्या पाहिजेत. इतर माणसं देवळात जातात, औषधं बदलतात, वैद्य शोधतात; मास्तर जाळीचे स्क्रू आवळत बसायचे. बाईचं पिशवी घेऊन टाकीपर्यंत जाणं-येणंही त्यांनी बंद केलं नव्हतं. गल्ली सरळ होती, वाहनं नव्हती, आणि बाई टाकीपाशी वळेपर्यंत ते फाटकातून नजर ठेवायचे.

आणि नेमक्या तेव्हाच कोंबड्या मरायला लागल्या.

आधी राणीसाहेब. सकाळी जाळीच्या कोपऱ्यात पाय वर करून पडलेली. म्हातारी होती, मास्तरांनी मनाची समजूत घातली. बाईनं तिला मांडीवर घेतलं आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत खाली ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोंड्याचं भांडं घेऊन तिनं राणीसाहेबाला हाक मारली. मास्तर म्हणाले, ती गेली ना गं काल. बाई अशी रडली, की जणू तिला आत्ताच कळलं, आणि तिला खरंच आत्ताच कळलं होतं. तिसऱ्या दिवशी तिनं पुन्हा हाक मारली तेव्हा मास्तर म्हणाले, अंड्यांवर बसलीय. मग रोज तेच सांगायला लागले.

पाठोपाठ मुकादमीण गेली. आदल्या दिवशी लाळ गळत होती, पाय ओढत होती, आणि सकाळी संपली. आता मास्तरांनी ताडलं. हे म्हातारपण नव्हे, हा बिघाड आहे, आणि बिघाड म्हटल्यावर तो कुठेतरी असणारच. त्यांनी चष्मा पुसला आणि बायकोनं कैक वर्षांपूर्वी शिकवलं होतं तसं जाळीभोवती रांगत एकेक रोप तपासलं. ओळखता येत नव्हतं, म्हणून जे हिरवं दिसलं ते उपटलं. उंदराचं औषध कुणी टाकलंय का, म्हणून गटाराच्या कडा बघितल्या. पाण्याची भांडी उकळत्या पाण्यानं धुतली.

शिवणवालीच्या कुंपणावर घाणेरी होती. तिच्यावर फुलपाखरं यायची म्हणून त्या एकट्या जिवानं ती लाडानं वाढवलेली. मास्तर तिच्या दाराशी गेले आणि अडखळत त्यांनी घाणेरीचा विषय काढला. तिनं मशीन थांबवलं, ऐकून घेतलं, आणि मोठी कात्री घेऊन कुंपण मोकळं केलं. मास्तरांना ओशाळं वाटलं. ती म्हणाली, भावजींनी एवढंसं मागितलं आणि मी नाही म्हणू? फुलपाखरं काय, दुसरीकडे जातील.

तरी लंगडी गेली. ती बाईच्या मांडीतच गेली, मान टाकून. बाई तिच्या चोचीला पाण्याचं बोट लावत होती आणि मास्तरांकडे बघून म्हणत होती, अहो, तुम्ही सगळं दुरुस्त करता ना, हिला करा. मास्तर आत गेले आणि बुटांचं रिकामं खोकं घेऊन आले.

खोक्यात लंगडीला घालून ते शिवणवालीच्या स्कूटरवर मागे बसले आणि दोघं जनावरांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर घाईतला माणूस होता, पण हाताला स्वच्छ. त्यानं कोंबडीच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी उघडली आणि चिमट्यानं काही हिरवे तुकडे काढून पांढऱ्या फरशीवर मांडले. थोडा वेळ बघून म्हणाला, कण्हेर आहे.

मास्तरांनी ठासून सांगितलं की शक्य नाही. आमच्या अंगणात कण्हेर नाही, पंचवीस पावलांत नाही, बायकोनं स्वतः खणून काढलीय. डॉक्टरनं वाद घातला नाही. त्यानं एक तुकडा चिमट्यानं सरकवला.

"कडा बघा. कोंबडी पान टोचून फाडते, तिच्या तोंडून अशी सरळ कड येत नाही. हे कात्रीनं कापलंय. कोंड्यात कालवून दिलंय कुणीतरी."

शिवणवाली वाकली. तिचा जन्म कात्री चालवण्यात गेलेला. तिला ते तुकडे दुसऱ्यांदा बघावे लागले नाहीत. ती सरळ झाली आणि भिंतीकडे बघत राहिली. डॉक्टरनं विचारलं, यांचं दाणापाणी घरात कोण बघतं.

"मीच बघतो," मास्तर म्हणाले.

डॉक्टरनं त्यांना बरंच सुनावलं. माहिती नसेल तर कोंबड्या पाळू नयेत, वगैरे. मास्तरांनी खाली मान घालून ऐकलं. मग दोघं परत निघाली. फाटकाशी स्कूटर थांबवून शिवणवाली एवढंच म्हणाली, की भावजी, त्यांना यातलं कळता कामा नये. मास्तर म्हणाले, नाही कळणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पिशवी घेऊन निघाली तेव्हा मास्तर अंतर ठेवून मागे गेले. टाकीच्या तारेच्या कुंपणाला लागून कुणीतरी केव्हाची कण्हेर लावलेली होती, आडोसा म्हणून. ती आता डोक्याएवढी उंच झाली होती आणि फुलली होती. गळका नळ पालटून टाकलेला, जमीन कोरडी, घोळीचा मागमूस नव्हता. बाई तिथं थोडी घुटमळली. मग कण्हेरीपाशी गेली, एक पान खुडलं, दोन बोटांत चुरडलं, नाकाशी नेलं. चेहऱ्यावर तीच जुनी तल्लीनता. समाधानानं मान हलवली आणि मूठ भरभरून पानं पिशवीत घातली. मास्तर विजेच्या खांबाआड उभे होते. बोटं तीच होती, नाक तेच होतं, आणि आतून उत्तर देणारी त्यांची बायको तिथं नव्हती. त्यांना हुंदका आवरेना, आणि तो ऐकू जाईल म्हणून त्यांनी शर्टाची बाही तोंडात धरली.

तिला तिथंच अडवता आलं असतं. पण अडवलं म्हणजे पिशवी काढून घ्यायची, आणि पिशवी काढून घेतली म्हणजे काम सुटलं. मास्तरांनी अडल्या यंत्राला काढतात तशी वाट काढली. बाईला पाला आणू द्यायचा, कापू द्यायचा, कालवू द्यायचा. मग ती हात साबणानं धुऊन, रबरी बूट चढवून मागच्या दारी येईपर्यंत भांडं बदलायचं. त्यासाठी ते भल्या सकाळी बाजारातून पालक आणायचे, आपल्या जाड बोटांनी तो बारीक कापून दुसऱ्या भांड्यात तयार ठेवायचे, आणि कण्हेरीचं भांडं कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात तळाशी.

जमलं की हो. उरलेल्या भुरी आणि तिच्या जोडीदारणी टवटवीत झाल्या. बाईच्या हातावर पुन्हा डोळे मिटून तुटून पडू लागल्या. मास्तर शीळ घालायला लागले. शिवणवाली कुंपणावरून म्हणाली, बऱ्याच दिवसांनी ऐकली. ते लाजले. त्यांना वाटलं, असंच चालवत नेऊ. भांडी बदलत बदलत तिला शेवटपर्यंत पोचवू.

पण एके दिवशी बाजार बंद निघाला. पालक नाही, कोबी नाही, काहीच नाही. मास्तर रिकाम्या हातानं आले तर बाईनं कापून कालवूनसुद्धा ठेवलेलं, आणि ती हात धुवायला गेली होती. घरात कोंडाही तेवढाच. मास्तरांनी भांडं ओट्यावर ओढलं आणि कोंड्यातून कण्हेरीचे कपटे वेचायला लागले. दोऱ्याएवढे कपटे, जाड बोटं. डाव्या तळहातावर हिरवा ढीग जमत होता. बाई दारात कधी येऊन उभी राहिली ते त्यांना कळलं नाही.

तिनं जवळ येऊन त्यांच्या तळहातावरचा एक कपटा उचलला. चुरडला. नाकाशी नेला.

"अहो, ही कण्हेर आहे."

मास्तरांचं काळीज उडालं, ते आधी आनंदानं. तिनं ओळखलं होतं. कित्येक महिन्यांनी ती त्यांच्याकडे त्यांची बायको म्हणून बघत होती, डोळे स्वच्छ, आवाज पूर्वीसारखा खणखणीत. त्यांना तिचा हात धरावासा वाटला. तेवढ्यात तिची नजर त्यांच्या मुठीवरून भांड्याकडे गेली आणि भांड्यावरून परत मुठीवर आली.

"तुम्ही घालत होता यात?"

ओट्याच्या पलीकडच्या कडेला कात्री पडली होती, पात्यांना हिरवं लागलेलं. बाईनं अजून तिकडे पाहिलं नव्हतं. मास्तर नाही म्हणाले असते, तर तिनं पाहिलं असतं, आणि त्या दिवशीचं तिचं डोकं एवढं लख्ख होतं की सगळं एका क्षणात तिच्या लक्षात आलं असतं. पिशवी, टाकी, लंगडीची टाकलेली मान. आपण आपल्या हातानं भरवलं, हे. मास्तर हळूच सरकले आणि कात्रीपुढे उभे राहिले.

"हो," ते म्हणाले. "मला वाटलं घोळच आहे. चुकलं माझं."

"मी तुम्हाला शिकवलं होतं," ती म्हणाली. मग खुर्चीत बसली. "राणीसाहेबपण? लंगडीपण?"

"हो."

ती ओरडली नाही. नुसती त्यांच्या हातांकडे बघत राहिली, आणि मास्तरांना ते हात कुठे ठेवावेत ते कळेना.

तुम्ही म्हणाल, हे ती तासाभरात विसरली असेल. मास्तरांचाही तोच हिशेब होता. बाई राणीसाहेबाचं मरण विसरायची, लेकीचं लग्न विसरली होती, आपल्या आईचा चेहरा विसरली होती. हेही जाईल, त्यांना वाटलं, संध्याकाळपर्यंत जाईल. सगळं गेलं आणि तेवढं राहिलं. नेमकं तेवढंच. दुसऱ्या दिवशी तिला मास्तर कोण हे सांगता येईना, पण हा माणूस कोंबड्यांना विष घालतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिनं जाळीचं दार कापडाच्या चिंध्यांनी बांधलं, गाठीवर गाठ. मास्तर भांड्याजवळ गेले की ती मधे उभी राहायची. आता भांडं बदलणार कसं? मास्तरांनी टाकीच्या रखवालदाराचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. त्यानं कण्हेरीच्या तारेबाहेरच्या फांद्या छाटू दिल्या, पण मुळावर हात ठेवू देईना, आणि आतून नव्या फांद्या येतच राहिल्या. भुरीची लाळ गळायला लागली त्या दुपारी बाईचा डोळा लागला होता. मास्तरांनी गाठी सोडल्या, सगळ्या कोंबड्या पोत्याखाली झाकलेल्या टोपलीत घातल्या आणि रोपवाटिकेच्या मालकिणीकडे पोचवल्या. तिथं भुरी वाचली. पण इकडे बाई उठून मागच्या दारी आली आणि रिकामं खुराडं तिनं पाहिलं.

त्यानंतर तिनं मास्तरांच्या हातचं खाणं सोडलं. ताट पुढे आलं की ती ओठ घट्ट मिटायची. मास्तरांनी नाना परीनं समजावलं. शेवटी त्यांनी तिच्या ताटातला पहिला घास तिच्यादेखत स्वतः खाल्ला. ती टक लावून त्यांच्याकडे बघत बसली, ह्या माणसाला काही होतंय का म्हणून. बऱ्याच वेळानं, काही झालं नाही असं बघून, तिनं चमचा उचलला. मग रोज तसंच. तिचं अन्न गार होईपर्यंत मास्तरांनी तिच्यासमोर जिवंत बसून दाखवायचं.

लेक येऊन राहिली तेव्हा हे बघून तिच्या डोळ्यांना धार लागली, आणि मग राग आला तो बापाचा. एवढी एक गोष्ट आईजवळ उरली होती, ती म्हणाली, आणि बाबा, तुम्हाला एक पान ओळखता आलं नाही? जन्मभर तिच्याबरोबर राहून? मास्तर बशा पुसत होते, पुसत राहिले. कुंपणापलीकडे शिवणवालीला सगळं ऐकू येत होतं. लेक गेल्यावर ती तरातरा आली आणि म्हणाली, मी आजच्या आज फोन करून मुलीला खरं काय ते सांगते, मला हे ऐकवत नाही.

"नका सांगू," मास्तर म्हणाले. "मुलीला कळलं की ती कधीतरी आईला प्रेमानंच सांगून बसेल, की बाबांनी नाही केलं. मग कुणी केलं, असं तिनं विचारलं तर? नवऱ्यानं मारल्या हे दुःख तिला झेपतंय, वहिनी. ते दुसरं नाही झेपायचं."

शिवणवाली डोळे पुसत परत गेली आणि पुढे तिनं तो विषय कधी काढला नाही.

डॉक्टरीण म्हणाली होती ते खरं झालं. काम सुटलं आणि बाई भराभर सुटत गेली. पिशवी खुंटीवर तशीच राहिली. सकाळी ती मागच्या दारी जायची, रिकाम्या जाळीशी उभी राहायची, तळहात पुढे करायची, आणि काही येत नाही म्हटल्यावर केविलवाणी व्हायची. ते मास्तरांना बघवेना. जाळीच नसली तर कदाचित ती उभी राहणार नाही, असा विचार करून एके सकाळी त्यांनी पाना आणि पेचकस घेतला आणि आवार सोडवायला सुरुवात केली.

पक्कं काम होतं, सोडायला तयार नव्हतं. ते एकेक नट तेल सोडून फिरवत होते, तेवढ्यात बाई खुर्ची ओढत आली आणि सावलीत बसली. मास्तर दचकले. पण आज तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. तिनं त्यांच्या हातातल्या अवजारांकडे पाहिलं.

"मिस्त्री, हे का काढताय?"

मास्तरांनी नटावर आणखी थोडं तेल सोडलं. मग ते म्हणाले, "गंजलंय, बाई." आयुष्यात पहिल्यांदा ते तिला बाई म्हणाले.

तिनं मान हलवली. काम मात्र चांगलं होतं, असं म्हणाली. माझ्या नवऱ्यानं केलंय हे. त्याचा हात फार चांगला, लिफ्ट दुरुस्त करतो. झाडातलं काही कळत नाही त्याला. आमचं नवीन लग्न झालं होतं तेव्हा, ती सांगू लागली, आणि दारातल्या त्या तणाचा किस्सा तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला, एकही शब्द न चुकता. मास्तर पाना हातात धरून ऐकत होते. जिथं हसायचं तिथं ते हसले. बाईसुद्धा मनापासून हसली.

मग ती पुढे झुकली आणि आवाज खाली आणला.

"इथं माझ्या कोंबड्या होत्या. आमच्या घरात एक माणूस येतो. त्यानं विष घालून मारल्या. नवऱ्याला अजून माहीत नाही, तो कामावर असतो. तो आला की मी सांगणार आहे. तो त्या माणसाला घरात पाऊल ठेवू देणार नाही."

"सांगा," मास्तर म्हणाले. "त्यांना सगळं सांगा."

"तोवर तुम्ही थांबाल का, मिस्त्री? मला त्या माणसाची भीती वाटते."

"थांबतो की," ते म्हणाले. त्यांनी पाना खाली ठेवला आणि ती बिचकणार नाही एवढ्या अंतरावर, तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले.